वेंधळ्या मामाची भूमिका आणि हातातली नोकरी

सोलापूरहून आलेले एक पत्र थोडे संक्षिप्त करून येथे देत आहे.

‘माझे वय ३४ आहे. अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतील एका टॉवेल कारखान्यात मी हिशेबाचे काम करतो. महाविद्यालयात असल्यापासून नाटकात आहे. राज्य नाट्य स्पर्धेत विनोदी भूमिकांसाठी मला दोनदा अभिनयाचे गुणवत्ता प्रमाणपत्र मिळाले. आमचा एक प्रयोग पाहून मुंबईच्या एका मालिकेसाठी माझी सेल्फ टेप, म्हणजे स्वतःच चित्रित केलेली अभिनयचाचणी, मागवली गेली आणि आता नायिकेच्या वेंधळ्या मामाची भूमिका मला देऊ केली आहे. महिन्याला साधारण दहा दिवस काम, दिवसाला साडेतीन हजार रुपये, आणि सहा महिने ट्रॅक (मामाचे उपकथानक) नक्की चालेल असे तोंडी सांगितले आहे. ज्यांच्यामार्फत काम आले ते को-ऑर्डिनेटर पंधरा टक्के घेणार आहेत. भाषा “गावाकडची” ठेवा, एवढीच सूचना आहे. मला तर सोलापुरीच येते. कारखान्यात मला अठ्ठावीस हजार मिळतात. पत्नी खासगी शाळेत शिक्षिका आहे, मुलगी चार वर्षांची आहे. वडील गिरणी कामगार होते. गिरणी बंद पडल्यानंतरचे दिवस त्यांनी काढले आहेत आणि ते म्हणतात, लोकांना हसवून घर चालत नाही. नाट्यसंस्थेतले मित्र म्हणतात, एकदा विनोदी मामा केला की आयुष्यभर मामाच करावा लागेल. मी नोकरी सोडावी का? आणि विनोदी नटाचे स्थान खरोखरच दुय्यम असते का?’

भूमिका स्वीकारावी, मात्र राजीनामा आज देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमच्या पत्रात हे दोन निर्णय एकच असल्यासारखे आले आहेत, ते आधी वेगळे करायला हवेत. महिन्यातून दहा दिवसांच्या कामासाठी महिनाभराची नोकरी सोडण्याची गरज आहे का, हे तुम्ही अजून कारखान्यात कोणाला विचारलेले दिसत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, विनोदी चरित्र भूमिका करणाऱ्या नटाची कारकीर्द पहिल्या भूमिकेने ठरत नाही. त्या भूमिकेत तुम्हाला पाहणारे दिग्दर्शक, लेखक आणि सहायक पुढच्या कामाच्या वेळी आठवणीने तुम्हाला फोन करतात का, यावर ती ठरते. नायकाचे आयुष्य एखाद्या चित्रपटाने बदलू शकते. मामा, शेजारी, हवालदार, मुनीम, कारकून या भूमिका करणाऱ्याचे आयुष्य वर्षानुवर्षे साठत गेलेल्या विश्वासावर उभे राहते, आणि तो विश्वास साठेपर्यंत टिकून राहण्याची सोय ज्याच्याकडे असते तोच पुढे दिसतो. या टप्प्यावर तुम्हाला धाडसापेक्षा त्या सोयीची गरज अधिक आहे.

अशोक सराफ यांची वाटचाल या दृष्टीने नीट पाहण्यासारखी आहे. नाटके आणि सुरुवातीचे चित्रपट करत असताना ते बँकेत नोकरी करत होते आणि ही दुहेरी कसरत त्यांनी बरीच वर्षे केली. दादा कोंडके यांच्याबरोबरचा ‘पांडू हवालदार’ १९७५ मधला. त्यानंतर मराठी चित्रपटाचा एक मोठा काळ त्यांनी स्वतःच्या खांद्यावर पेलला, तरी १९९५ मध्ये ‘करण अर्जुन’मधला मुनीम करताना किंवा त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘हम पाँच’ या मालिकेत पाच मुलींचा गांजलेला बाप उभा करताना त्यांनी भूमिकेची लांबी मोजली नाही. २०११ मधल्या ‘सिंघम’मध्ये ते पुन्हा हवालदाराच्या गणवेशात दिसले. महाराष्ट्र भूषण आणि २०२५ मधली पद्मश्री हे सन्मान त्यानंतरचे आहेत. पन्नास वर्षांचा हा पट पाहिला म्हणजे लक्षात येते की, सुरुवातीच्या काळात पगाराची नोकरी हातात ठेवल्याने त्यांच्यातला नट लहान झाला नाही. उलट हाताशी आलेले प्रत्येक काम पोटासाठी घ्यावे लागण्याची वेळ त्यामुळे टळत असावी, असे मला वाटते. तुमच्या वडिलांनी ही गोष्ट ऐकावी अशी माझी इच्छा आहे, कारण त्यांच्या काळजीला त्यात उत्तर आहे.

आता पैशांकडे वळू. तुम्ही हिशेबाचे काम करता, तरीही पत्रात साडेतीन हजार गुणिले दहा या गुणाकारापुढे गेलेला नाहीत. पस्तीस हजारांतून को-ऑर्डिनेटरचे पंधरा टक्के, म्हणजे पाच हजार अडीचशे रुपये जातील. मानधनावर दहा टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा प्राप्तिकर, कापला जाईल, म्हणजे आणखी साडेतीन हजार; विवरणपत्र भरल्यावर जास्त कापलेली रक्कम परत मिळते हे खरे, पण तोवर ती तुमच्या हातात नसते. उरले सव्वीस हजार दोनशे पन्नास. यातून मुंबईतले राहणे, जेवण, प्रवास आणि सेटवर पोहोचण्याचा रिक्षाखर्च काढा. निर्मात्याने राहण्याची व्यवस्था केली नसेल तर उरणारी रक्कम तुमच्या आजच्या पगाराच्या आसपासही राहणार नाही.

याहून मोठा प्रश्न वेळेचा आहे. मालिकांच्या व्यवसायात काम झाल्यानंतर साधारण नव्वद दिवसांनी मानधन देण्याची रीत आहे. जुलैत केलेल्या कामाचे पैसे ऑक्टोबरच्या अखेरीस येतील. सहा महिन्यांचे तोंडी आश्वासन खरे ठरले तरी पहिले तीन-चार महिने घर पत्नीच्या पगारावर आणि शिलकीवर चालवावे लागेल. आणि लोकांना ट्रॅक आवडला नाही म्हणून तो तिसऱ्या महिन्यात आवरता घेतला गेला, तर पहिला धनादेश येण्याआधीच काम संपलेले असेल. यात कोणी फसवले असे होत नाही. मालिकेची कथा प्रेक्षकसंख्येच्या आकड्यांप्रमाणे आठवड्या-आठवड्याला वळते आणि अशा वळणावर सर्वांत आधी दुय्यम कथानकातली माणसे मागे पडतात. वेंधळा मामा परगावी गेला असे एका वाक्यात सांगितले की त्याची भूमिका संपते. निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढून ठेवल्याशिवाय पूर्णवेळ या व्यवसायात उतरू नका, असे मी म्हणतो ते यासाठी.

कारखान्यात काय बोलावे, याचाही विचार करा. तुमचे काम हिशेबाचे आहे, त्यामुळे यंत्रावर उभ्या असलेल्या कामगाराला नसते अशी एक मोकळीक तुम्हाला आहे. जीएसटीचे मासिक विवरण ११ तारखेपर्यंत आणि कर भरण्याचे विवरण २० तारखेपर्यंत द्यावे लागते. महिन्यातले तुमचे खरे ताणाचे दिवस या दोन तारखांच्या मागेपुढे येत असणार. बाकीचे बरेच काम लॅपटॉपवर कोठूनही करता येते. मालकांना राजीनामा देण्याऐवजी सहा महिन्यांपुरते अर्ध्या पगारावर किंवा कामाच्या ठरावावर ठेवण्याची विनंती करा. सोलापूरच्या पूर्व भागात आणि औद्योगिक वसाहतीत असे अनेक लहान यंत्रमागधारक आहेत ज्यांना पूर्णवेळ हिशेबनीस परवडत नाही; त्यांच्यापैकी चार जणांची वहीखाती सांभाळली तरी घराला मोठा आधार होईल. नटाने असे जोडकाम करणे म्हणजे कलेशी अप्रामाणिक असणे, असा एक समज हौशी नाट्यवर्तुळात आढळतो. तो मला घातक वाटतो. त्या समजापायी चांगले नट पस्तिशीतच हताश होऊन परत आलेले मी पाहिले आहेत.

करार हाती येईपर्यंत होकार कळवू नका. महिन्याला किमान किती दिवसांची हमी आहे, शिफ्ट किती तासांची आहे, ऐनवेळी चित्रीकरण रद्द झाले तर त्या दिवसाचे काय, राहण्याचा आणि प्रवासाचा खर्च कोणाकडे, आणि या मालिकेत असताना दुसऱ्या वाहिनीवर, चित्रपटात किंवा नाटकात काम करण्यास मनाई आहे का, हे कागदावर आलेच पाहिजे. त्यातही शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. महिन्याला दहा दिवस देणाऱ्यांनी उरलेल्या वीस दिवसांवरही हक्क सांगितला, तर त्या वीस दिवसांची किंमत मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे. को-ऑर्डिनेटरचे पंधरा टक्के मानधन मिळाल्यानंतर द्यायचे आहेत, आधी नाही, हेही लिहून घ्या. काम देण्याआधी नोंदणी, फोटो किंवा कार्ड यांच्या नावाखाली कोणी पैसे मागितले, तर तेथेच थांबा. खरे काम देणारे नटाकडून पैसे घेत नाहीत. सिने अँड टीव्ही आर्टिस्ट्स असोसिएशन ही कलावंतांची संघटना १९५८ पासून काम करत आहे आणि थकलेल्या मानधनाच्या तक्रारींत ती मध्यस्थी करते. तिच्या सभासदत्वाची चौकशी कामाला लागल्यावर अवश्य करा.

यानंतरचा विषय मला अधिक जवळचा आहे, तो म्हणजे प्रत्यक्ष भूमिका. तुमचे आजवरचे काम रंगमंचावरचे आहे. सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर या नाट्यगृहात शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकापर्यंत आवाज आणि हावभाव पोहोचवण्याची सवय तुमच्या अंगात मुरलेली असणार. तेथे हशा आला की तुम्ही थांबता, हशा ओसरू लागला की पुढचे वाक्य टाकता. प्रेक्षक तुम्हाला वेळ सांगत असतात. सेटवर असा सांगणारा कोणी नसतो. ध्वनिमुद्रण चालू असल्यामुळे समोरची माणसे हसू आले तरी तोंडावर हात ठेवून गप्प राहतात, आणि त्या शांततेला घाबरून रंगमंचावरून आलेला नट जास्त करू लागतो. भुवया उडवतो, वाक्ये ओढतो, शब्द पुन्हा उच्चारतो. कॅमेऱ्याच्या जवळच्या चौकटीत हे सगळे दुप्पट दिसते. सुरुवातीचे काही दिवस तुम्ही तुमच्या सवयीपेक्षा बरेच कमी करा. मामा वेंधळा आहे हे त्याला स्वतःला ठाऊक नाही. तो प्रत्येक काम मनापासून आणि स्वतःच्या मते अगदी बरोबर करत असतो. तुम्ही त्याचा वेंधळेपणा दाखवायला गेलात की तो खोटा होतो. त्याची लगबग आणि त्याची काळजी दाखवलीत, तर वेंधळेपणा प्रेक्षकांना आपोआप दिसेल.

दुसरी तांत्रिक अडचण सातत्याची आहे. एकच प्रसंग आधी दुरून, मग जवळून, मग समोरच्या पात्राच्या खांद्यावरून असा अनेकदा चित्रित होतो. पहिल्या वेळी चहाचा कप कोणत्या शब्दावर उचलला, ते प्रत्येक वेळी तसेच करावे लागते, नाहीतर संकलनात तुकडे जुळत नाहीत आणि तुमचा चांगला क्षण कापला जातो. विनोदी नटाला हे विशेष जड जाते, कारण उत्स्फूर्तपणा हे त्याचे बळ असते. उत्स्फूर्त जागा तालमीत शोधा, दिग्दर्शकाला दाखवा, आणि एकदा ठरल्या की प्रत्येक टेकला न कंटाळता त्याच ठिकाणी द्या. ज्या नटामुळे दिवसाचे काम वेळेत संपते त्याला पुन्हा बोलावतात, हे या व्यवसायातले फारसे न बोलले जाणारे पण अगदी खरे कारण आहे. त्याच्याबरोबर आणखी एक सवय लावून घ्या: स्वतःचे वाक्य नसताना ऐकत राहणे. समोरच्याचे बोलणे खरोखर ऐकणाऱ्या नटाचा चेहरा संकलकाला हमखास उपयोगी पडतो, आणि अनेकदा प्रसंगातला हशा बोलणाऱ्याच्या वाक्यावर नाही, ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर येतो.

तुम्ही सोलापुरीबद्दल ओझरते लिहिले आहे. त्याकडे मी थोडे अधिक लक्ष वेधतो. ‘गावाकडची भाषा’ म्हणून मालिकांमध्ये जी वापरली जाते ती पुष्कळदा कोणत्याच गावाची नसते. थोडी साताऱ्याची, थोडी कोल्हापूरची आणि बाकीची लेखकाच्या कल्पनेतली असते. तुमच्याकडे ‘काय करूलालास बे’ असे सहज विचारणारी, कानडी आणि तेलुगूच्या सहवासात घडलेली, स्वतःचा वेगळा हेल असलेली बोली आहे. ती मुंबईतल्या लेखकाला ठाऊक नसण्याचीच शक्यता जास्त आहे. पहिल्याच बैठकीत दिग्दर्शकाला विचारा की, हा मामा सोलापूरचा असला तर चालेल का. मकरंद अनासपुरे यांनी मराठवाड्याचा हेल आपल्याबरोबर आणला आणि तो प्रेक्षकांनी आपला मानला. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे यांनी २०१६ मध्ये ‘सैराट’ केला तेव्हा या जिल्ह्याची भाषा, आणि अकलूजच्या रिंकू राजगुरूच्या तोंडून आलेला तिचा ठसका, राज्यभर पोहोचला. तेव्हा तुमची बोली चालणार नाही, असे कोणी म्हणू लागले तर नम्रपणे पण ठामपणे हे दाखले द्या.

मात्र बोली वापरताना एक पथ्य पाळा, अशी माझी मनापासून विनंती आहे. हेल ऐकवला की हशा येतो हे एकदा कळले, की नट फक्त हेलच ऐकवू लागतो आणि माणूस हरवतो. पूर्व भागातल्या तेलुगू भाषक विणकराचे मराठी कानाला गंमतशीर वाटते, पण तो तुमचा शेजारी आहे, तुमच्या कारखान्यातला टॉवेल त्याच्या मागावरून उतरतो, आणि संध्याकाळी तोही कुटुंबासह तीच मालिका पाहणार आहे. तो काय म्हणतो, कशाची काळजी करतो, पगाराच्या दिवशी त्याची चाल कशी बदलते, हे तुम्ही इतकी वर्षे पाहत आला आहात. ते भूमिकेत आणा. जॉनी वॉकर मुंबईत बसवाहक होते आणि त्या नोकरीत प्रवाशांना रिझवत असतानाच बलराज साहनी यांच्या नजरेत भरले; ‘बाजी’ या १९५१ च्या चित्रपटापासून गुरुदत्त यांनी त्यांना पडद्यावर आणले. पडद्यावर इतके झिंगलेले इसम रंगवणारा हा नट स्वतः दारू पीत नसे. केवळ बारकाईने पाहण्याच्या बळावर त्यांनी ते साधले. तुमचा कारखाना, वजनकाट्यावरचा माणूस, बिलासाठी तासभर बसणारा व्यापारी, स्टेशनसमोरचा रिक्षावाला, गड्ड्याच्या यात्रेतला पाळणेवाला ही तुमची खरी शाळा आहे. नोकरी लगेच सोडू नका म्हणण्यामागे माझे हेही एक कारण आहे.

मित्रांनी घातलेली भीती निम्मी खरी आहे आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. गणपत पाटील यांचे उदाहरण मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. तमाशापटांतला नाच्या त्यांनी इतका हुबेहूब केला की चित्रपटसृष्टीने त्यांना दुसरे काही करूच दिले नाही, आणि त्या प्रतिमेचा त्रास त्यांच्या खासगी आयुष्यालाही झाला. लक्ष्मीकांत बेर्डे यांची गोष्ट वेगळी आणि माझ्या मते अधिक चटका लावणारी आहे. ‘टूरटूर’ नाटकाने पुढे आलेला हा नट ‘धूमधडाका’नंतर घराघरात पोहोचला, ‘मैंने प्यार किया’ आणि ‘हम आपके हैं कौन’मुळे देशभर ओळखला गेला. १९९२ मध्ये ‘एक होता विदूषक’ या चित्रपटात त्यांनी तमाशातल्या सोंगाड्याची अतिशय गंभीर भूमिका केली. लेखन पु. ल. देशपांडे यांचे होते आणि दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे, ज्यांचा जन्म पंढरपूरचा आणि शाळा सोलापूरची. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला, पण तिकीटबारीवर तो चालला नाही आणि बेर्डे पुन्हा विनोदी भूमिकांकडे वळले. २००४ मध्ये, वयाच्या अवघ्या पन्नाशीत, ते गेले. त्यांच्यात क्षमता होती याविषयी मला तिळमात्र शंका नाही. प्रेक्षकांना आणि निर्मात्यांना एकाच चवीची सवय लागली होती, आणि ती सवय मोडण्याची संधी त्यांना फार उशिरा मिळाली.

यातून तुमच्यासाठी काय घ्यावे, याचा मी बराच विचार केला. विनोदी भूमिका टाळणे हा उपाय नाही, कारण जे तुम्हाला उत्तम येते तेच नाकारून तुम्ही कोणाच्या लक्षात राहणार? उपाय असा की, विनोदाच्या आतच माणसे बदलत राहायची. सतीश शाह यांनी १९८४ मध्ये दूरदर्शनवरच्या ‘ये जो है जिंदगी’ या मालिकेत जवळजवळ प्रत्येक भागात वेगळे पात्र केले. त्याच्या आदल्याच वर्षी ‘जाने भी दो यारो’मध्ये ते अर्धा चित्रपट प्रेत होऊन वावरले होते. इतक्या माणसांत विखुरलेल्या नटाला एकच एक मामा करून ठेवणे कोणाला जमणार? या मालिकेनंतर पुन्हा मामाच आला, तर दुसऱ्यांदा स्वीकारा, पण तो वेगळ्या चालीचा, वेगळ्या स्वभावाचा करून दाखवा. तिसऱ्यांदा आला तर पैसे वाढवून मागा किंवा नकार द्या. आणि दरवर्षी राज्य नाट्य स्पर्धेत आपल्या सोलापूर केंद्रावर एखादी अशी भूमिका करा, जिच्यात एकही हशा नसेल. करारात नाटकाची मुभा लिहून घ्या म्हणतो, ती याचसाठी. प्रहसनांच्या कार्यक्रमांकडून बोलावणे आले तर मात्र थोडे थांबून विचार करावा. ‘चला हवा येऊ द्या’ किंवा ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ यांनी अनेक गुणी नटांना घर आणि ओळख दिली, हे मान्यच आहे. पण आठवड्या-आठवड्याला नवे प्रहसन उभे करण्याचा वेग नवख्या माणसाला पेलेलच असे नाही, आणि हाताशी पाच-सहा पक्की पात्रे असल्याशिवाय तेथे जाऊ नये, असे मला वाटते.

दुय्यम स्थानाविषयी विचारले आहे, तेथे मी सोपे आश्वासन देणार नाही. मानधनात, पोस्टरवरच्या जागेत आणि पुरस्कारांत विनोदी नटाला नेहमीच कमी मिळाले आहे. फिल्मफेअरने १९६७ मध्ये विनोदी भूमिकेसाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू केला होता, तोही २००७ नंतर बंद झाला. हा अन्याय आहे आणि त्याचे मला वाईट वाटते. तरीही भूमिकेच्या आकाराशी कामाचा दर्जा बांधलेला नसतो, हे तुमच्याच शहराने पाहिले आहे. सोलापूरच्या ‘नाट्य आराधना’ या संस्थेतून पुढे गेलेले अतुल कुलकर्णी राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकले आणि ‘हे राम’ व ‘चांदनी बार’ या चित्रपटांसाठी त्यांना जे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, ते दोन्ही सहायक भूमिकांसाठी होते. १९७५ च्या ‘शोले’तला असरानी यांचा जेलर पडद्यावर काही मिनिटेच असतो, पण त्याची चाल आणि त्याचा आवाज आजची मुलेसुद्धा ओळखतात. असरानी पुण्याच्या चित्रपट संस्थेत रीतसर अभिनय शिकलेले होते, हेही येथे सांगायला हवे. विनोद उपजत असतो, त्याला शिक्षण कशाला, असे तुम्हाला कोणी सांगितले तर ते मनावर घेऊ नका.

वडिलांशी वाद घालू नका. गिरणीचा भोंगा थांबल्यावर हातातली कारागिरी असूनही घर कसे रिकामे होते, हे ज्याने अनुभवले आहे त्याच्या काळजीला कलेच्या थोरवीचे उत्तर देणे बरे नाही. त्यांना कागद दाखवा: बाजूला काढलेली सहा महिन्यांची रक्कम, कारखान्याशी ठरलेला अर्धवेळचा पगार, आणि करारातली दिवसांची हमी. हे तीन आकडे जुळत नसतील, तर वडील बरोबर आहेत आणि ही भूमिका तुम्ही सोडून दिलेली बरी. सेल्फ टेपवर निवड झाली म्हणजे तुमचे काम मुंबईत पोहोचले आहे, पुढचे बोलावणे येईल.

पत्नीविषयी तुम्ही पत्रात एकच ओळ लिहिली आहे. या सहा महिन्यांत घर प्रत्यक्षात त्या चालवणार आहेत. दहा दिवस मुलीला सोडणे-आणणे, सासऱ्यांचे औषधपाणी आणि स्वतःची शाळा हे सगळे त्यांच्यावर येईल, म्हणून त्यांचा होकार गृहीत धरू नका, वेळ काढून विचारा. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघून सकाळी थेट सेटवर उभे राहण्याचा विचार असेल, तर तो आताच सोडा, कारण झोप न झालेल्या माणसाचा विनोद पहिल्यांदा चुकतो तो वेळेत. एक दिवस आधी जा आणि तो दिवसही घराबाहेरच्या दिवसांत धरा, म्हणजे दहाचे अकरा-बारा होतील. को-ऑर्डिनेटरना या आठवड्यात उत्तर देताना कराराचा मसुदा मागा, आणि पुढच्या महिन्याच्या तारखा आदल्या महिन्याच्या २५ पर्यंत कळवाव्यात अशी विनंती त्यातच लिहा. पत्नीलाही त्या तारखा हव्या आहेत आणि कारखान्याच्या मालकांनाही.